ओडोमॉस लावलं की शिस्त मोडते म्हणे!

अरे डोकं बिकं आहे का नाही या शाळावाल्यांना? पाऊस सरला नाही तोवर ऑक्टोबर हीटने अंगाची काहिली व्हायला लागलीये आणि यांची स्पोर्ट्स डेची प्रॅक्टिस कधी, तर साडेअकरा ते एक. संचलनात एकाचा डावा पाय चुकला की अख्ख्या हाऊसने पुन्हा पहिल्यापासून, मध्ये पाणी प्यायला जायचं नाही कारण लाइन तुटते. लाइन!! परवा सहावीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली तर मॅडम म्हणतात, नाश्ता करून आली नसेल. हो ना, सगळा दोष आईच्या पोह्यांचा. खारघरला २०२३ च्या एप्रिलमध्ये उघड्या मैदानात बसवलेली १४ माणसं उष्माघाताने गेली, चांगली मोठी माणसं. मान्य, ते एप्रिल होतं, पण ही दहा-अकरा वर्षांची पोरं आहेत हो.

बरं चक्कर आलेल्याला बसवतात कुठे, तर कडेच्या वडाखाली, तेवढीच काय ती सावली, आणि तिथेच अडथळ्यांच्या शर्यतीचे जुने टायर रचून ठेवलेत. मी वाकून बघितलं तर आत पावसाचं पाणी आणि त्यात अळ्या नुसत्या वळवळतायत, टायरला जरा धक्का लागला की सगळ्या तळाला, आणि थोड्या वेळाने परत वर. डेंग्यूचा डास दिवसा चावतो हे पोरांना पाठ आहे, याच शाळेने चित्रकला स्पर्धा घेतली होती ना, पहिला नंबर आलेलं चित्र ऑफिसबाहेर लावलंय आणि त्यात चक्क टायर काढलाय! अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आठवड्याला एकदा पाणी ओतून आतून खसाखसा घासले (अंडी चिकटून बसतात, सुकली तरी महिनोन्महिने मरत नाहीत) आणि शेडमध्ये टाकले तरी झालं. अर्ध्या तासाचं काम. पण पीटीचे सर म्हणतात ते नगरपालिकेचं काम आहे.

फुल पँट घालून पाठवू का विचारलं तर, युनिफॉर्म. टोपी? फोटोत बरी दिसत नाही. ओडोमॉस? एकाने लावलं की सगळे मागतात, शिस्त मोडते. आणि पोरं तापाने फणफणली की ग्रुपवर मेसेज, पालकांनी मुलांची काळजी घ्यावी, पुढे हात जोडलेले. आमच्या सोसायटीतल्या एकाच्या पेशी इतक्या खाली गेल्या की रोज सुई टोचून रक्त काढतायत आणि त्याची आजी पपईच्या पानांचा रस घेऊन मागे लागलीये, तो बिचारा रडतोय.

काल मीटिंगमध्ये म्हटलं वेळ तरी बदला, सकाळी लवकर घ्या आणि टायर आधी हलवा, तर उत्तर काय, प्रमुख पाहुण्यांना बारालाच वेळ आहे, प्रॅक्टिस त्याच वेळेची हवी. पाहुण्यांना मांडव, कूलर, गार पाण्याच्या बाटल्या सगळं ठरलंय. मग एक दिवस त्यांनाच उभं करा की तिथे तासभर, हाफ पँटमध्ये.