वीस मिनिटांची घरभेट

आमच्या नागपूरच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, 2030 पर्यंतचा आराखडा केलाय. पीडीएफ ग्रुपवर आली आणि जुंपली. वाद पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्रींच्या, घरभेटींवरून. आधी फोन करायचा, एका घरी वीस मिनिटं, निघाल्यावर फॉर्म भरायचा. "काका, सिस्टिम पाहिजे," असं मला सुनावणारा पोरगा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याच्या आजीकडून पाळकाने वीस मिनिटांत उठून दाखवावं! तिचा चहाच अर्ध्या तासाने येतो.

मी राहतो एडिनबरात, म्हणजे सिस्टिमच्या माहेरी. चर्च ऑफ स्कॉटलंडने 2021 पासून सगळ्या प्रेस्बिटरींना, म्हणजे विभागीय मंडळांना, आराखडे करायला लावले: पाळक किती, इमारती कोणत्या ठेवायच्या, कोणत्या विकायच्या. मी जातो ते चर्च विकायच्या यादीत आहे. तक्ता मात्र देखणा होता. माणसं आधीच आटली म्हणून आराखडा आला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे बाप्पा.

याच देशाने आपल्याला मिशनरी स्टीफन हिस्लॉप दिला. डन्स गावचा हा माणूस 1845 मध्ये नागपुरात आला तो शाळा काढायला आणि शुभवर्तमान सांगायला. मग गोंडांची, त्यांच्या पुराणपुरुष लिंगोची गाणी उतरवून घेत बसणं कुठल्या आराखड्यात बसत होतं? 1863 मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं बघायला गेला, तेव्हा पुराच्या पाण्यात बुडून गेला. त्याचे कागद मध्य प्रांताचा इंग्रज मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याने 1866 मध्ये छापले. त्याच्या नावाचं कॉलेज तर 1883चं.

आणि प्रभूचं काय? बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढा. याईराची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, येशू तिकडेच निघालाय, आणि गर्दीत बारा वर्षं रक्तस्रावाने गांजलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो. कोण शिवलं म्हणून विचारतो, तिचं सगळं ऐकून घेतो. तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. आमच्या कमिटीने फॉर्मवर 'विलंब' असा शेरा मारला असता.

बाबा आजारी होते तेव्हा पाळकसाहेब न सांगता आले. प्रार्थना आटोपशीर झाली. पण आई पोहे करायला गेली आणि सिलिंडर संपलं. घरात दुसरं माणूस नाही. तर हा गृहस्थ गॅसवाला येईपर्यंत बाबांशी संत्र्याच्या भावावर बोलत बसला, मग स्वतः रेग्युलेटर लावून दिला आणि पोहे खाऊनच उठला. मी तेव्हा लीथ वॉकवर ट्राममध्ये होतो. हे भरायला फॉर्ममध्ये कोणता रकाना आहे?

इथे कोणी मेसेज केल्याशिवाय बेल वाजवत नाही. मलाही ते बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. चर्चमध्ये मी चहाच्या रोटावर, म्हणजे पाळीच्या यादीत आहे, तिसरा रविवार. माझ्या चहाची तारीफ होते. बाबा गेले तेव्हा सुंदर कार्डं आली, एकही उशिरा नाही. घरात येऊन कोणी बसलं नाही.

आणि त्या पीडीएफमध्ये मी सापडलो. बाप्तिस्मा तिथला, लग्न तिथलं, पण सभासदांच्या यादीत नाही. पान नऊवर, 'निधीचे स्रोत' या मथळ्याखाली, 'परदेशस्थ सदस्य'. त्या पोराला मी ग्रुपवर एवढं फाडून का बोललो, ते आता कळलं असेल. पैसे पाठवतो. पण घरभेटींच्या यादीत आईचं नाव राहू द्या, वेळेचा रकाना कोरा ठेवा, आणि मी नागपुरात नसलो तरी पाळकसाहेब माझ्या घरी गेले पाहिजेत.