ऊन असताना दिवा कशाला?

परसात टेली लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावून बसलेल्या माणसाशी बोलायला लोकांना नेमका तोच क्षण सापडतो, जेव्हा बुलबुल आंघोळ आटोपून पंख झटकायच्या बेतात असतो. काल तेच. चारशे मिलिमीटरची लेन्स ट्रायपॉडवर, वर फ्लॅश, पाण्याचं भांडं पाच मीटरवर. दोन फोटो झाले आणि कुंपणावर शेजारच्या काकांचं डोकं उगवलं.

"अजून किती वेळ चमकणार आहे?"

"काय चमकणार आहे, काका?"

"वीज. हिने टीव्हीचा प्लग काढून ठेवलाय. चमकलं की ती काढते."

"अहो, आभाळात ढगाचा ठिपका नाही. हा फ्लॅश आहे."

"ते मला कळतंय हो. तिलाही सांगितलं. म्हटलं, गडगडाट झाला का? तर म्हणाली, बिनगडगडाटाची वीज जास्त वाईट." काकांनी दोन्ही कोपर कुंपणावर टेकले. मुक्काम लांबणार होता. "तुम्ही असं करा, मला आकडा सांगा. एकूण किती चमकवणार? मी मोजतो. तेवढे झाले की हिला सांगतो, आणि टीव्ही लावतो."

आकडा काय सांगणार, कपाळ! फ्लॅश पूर्ण ताकदीने मारला तर पुन्हा भरायला तीन-चार सेकंद घेतो, आणि बुलबुल जे काही देखणं करायचं ते त्या तीन-चार सेकंदांतच करतो. म्हणून ताकद १/१६ वर आणायची. मग फ्लॅश जवळजवळ लगेच भरतो आणि लागोपाठ तीन-चार फोटो पदरात पडतात. पण पल्ला आखडतो. गाइड नंबर (फ्लॅशच्या पूर्ण ताकदीचा आकडा) ६०, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १००, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८ : साठाला आठाने भागा, पल्ला साडेसात मीटर. १/१६ ताकदीला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे जेमतेम १.९ मीटर. आयएसओ ४०० केला की दुप्पट, पावणेचारच्या आसपास. पाच मीटरवरच्या भांड्यापर्यंत उजेड पाऊण-एक स्टॉप कमी पोचतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). आणि तेवढा कमीच हवा असतो.

"बरं, आकडा राहू दे," काका म्हणाले. "पण एवढं ऊन पडलंय, तर दिवा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. वैताग त्याचाच येतो. उत्तर ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही. मी तरी सांगायला गेलो, की ऊन डोक्यावरून येतं, बुलबुल पानांखाली बसतो, त्याच्या पाठीवर लख्ख कवडसा आणि पोटाशी अंधार. शिवाय डोकं काळं आणि त्या काळ्या डोक्यात डोळाही काळा. फ्लॅश नसेल तर फोटोत डोळा दिसतच नाही, बुलबुलाच्या आकाराचं भोक दिसतं. फ्लॅश असा पाऊण-एक स्टॉप कमी ठेवून मारला की बुबुळात एक पांढरा ठिपका उमटतो, गळ्याखालची पिसं सुटी होतात, आणि उजेड कुठून आला ते कळतही नाही.

काकांनी हे सगळं ऐकलं असं म्हणता येणार नाही. ते बुलबुलाकडे बघत होते.

"ओला आहे तो," ते म्हणाले. "ओल्या अंगाला विजेची भीती जास्त."

"काका, ही ती वीज नाही."

"नसेल. पण तो बसूनच राहिलाय, बसलेल्या पक्ष्याचा काय फोटो? थांबा, मी उडवतो, तुम्ही उडताना घ्या." आणि मी हात वर करेपर्यंत त्यांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. "बघा! काय झकास उडाला! आला का?"

नाही आला. येणारच नव्हता, आणि हे टाळ्या वाजवणाऱ्या समस्त मंडळींना एकदा सांगून टाकतो. पाच मीटरवर, चारशे मिलिमीटरला, एफ/८ ठेवूनही फोकसमध्ये राहते ती सात-साडेसात सेंटिमीटरची पट्टी. बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत वीसेक सेंटिमीटर. बसलेला असतानाही त्याचा निम्माच ऐवज नीट यायची मारामार, तिथे टाळीला दचकून आडवा सुटलेला पक्षी कसला सापडतोय? त्यात बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत शटर १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षा कमी वेळ उघडं ठेवता येत नाही. फ्लॅशचा स्वतःचा झोत १/१६ ताकदीला साधारण १/१०,००० सेकंदाचा असतो, तो पंख गोठवतो. पण शटर त्याच्या कितीतरी जास्त वेळ उघडं असतं, तेवढ्यात उन्हात पंखाची दुसरी, पुसट प्रत उमटते. एका पक्ष्याला चार पंख. हाय-स्पीड सिंक ही फ्लॅशची सोय लावून शटर १/१००० सेकंदावर नेता येतं, पण तेव्हा फ्लॅश एकदम न पेटता तुकड्या-तुकड्यांनी पेटत राहतो आणि पल्ला निम्म्याहून कमी होतो. उडता पक्षी फ्लॅशवर घ्यायचाच तर दाट सावलीत, जवळ मांडलेल्या तीन-चार फ्लॅशनी, ॲपर्चर एफ/१६ च्या आसपास ठेवून. टाळी या यादीत कुठेच नाही.

मग येतात ते पक्षीप्रेमी. "फ्लॅशने बिचाऱ्याचे डोळे जातील ना?" घडलंय ते उलटं. १९३७ मध्ये एरिक हॉस्किंग या ब्रिटिश छायाचित्रकाराचा डावा डोळा घुबडाने घेतला, तोही अंधारात, लपणीकडे (लपून फोटो काढायच्या आडोशाकडे) जाताना. पण सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रात्री घुबडाची बाहुली सताड उघडी असते, त्या डोळ्यांवर फ्लॅश मारण्यात कसली आलीय कला? आणि घरटी! पिल्लांचा फोटो स्वच्छ यावा म्हणून आडवी फांदी छाटतात, आडोसा जातो, कावळ्याला आयतं दार उघडून मिळतं. त्या फोटोखाली मात्र अंगठे आणि बदाम. दिवसा, पाच मीटरवरून, १/१६ ताकदीवर फ्लॅश मारणाऱ्याला डोळ्यांचा प्रश्न विचारणारे तिथे "वा, काय क्षण टिपलाय" लिहून मोकळे होतात. तेव्हा कुठे जातं हे प्रेम?

फ्लॅशने डोळ्याचं काही होतं ते फोटोतल्या डोळ्याचं. फ्लॅश लेन्सला चिकटून असला की उजेड सरळ आत जाऊन डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून तसाच परत येतो आणि बाहुली राखाडी, पत्र्यासारखी दिसते. लगेच कुणीतरी विचारतं, मोतीबिंदू झालाय का? सावलीत आणि संध्याकाळी हे जास्त, कारण बाहुली मोठी झालेली असते. इलाज एकच, फ्लॅश लेन्सपासून लांब न्यायचा. ब्रॅकेटवर, म्हणजे फ्लॅश धरणाऱ्या धातूच्या पट्टीवर, वीसेक सेंटिमीटर वर चढवला तरी फरक पडतो. पल्ला वाढवायला फ्लॅशपुढे उजेड एकवटणारं फ्रेनेल भिंग (पातळ, चपटं भिंग) लावलं असेल, तर दोन फोटोंच्या मध्ये त्याचं तोंड उन्हाकडे ठेवू नका. भिंग उलटं काम करतं, ऊन गोळा करून फ्लॅशचंच प्लास्टिक वितळवतं.

ब्रॅकेटचा तो एक स्क्रू मात्र बोटांनी घट्ट होत नाही. त्याच्या खाचेत नाणं घालून फिरवावं लागतं, आणि नाणं हल्ली कुणाच्याही खिशात नसतं.