चालती गाडी विकून ‘ॲव्हरेजवाली’ घ्यायच्या आधी हिशोब मांडा

छत्रपती संभाजीनगरची वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, नाहीतर जालन्याची एमआयडीसी. अप-डाऊन करणाऱ्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो : “पेट्रोल परवडेना, कोणती गाडी घेऊ?” खरं तर गाडीचं नाव नंतर, आधी महिन्याला किती किलोमीटर होतात ते बघा.

पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. १०० सीसीची धड गाडी ६० चं ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपये. रोज येऊन-जाऊन ४० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस, म्हणजे १००० किलोमीटर आणि १७५० रुपये. इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जिंगमधली घट धरून एवढ्याच अंतराला ३८ युनिटच्या आसपास लागतात. घरगुती वीज सगळे आकार धरून १२ रुपये युनिट पकडली तरी ४५६ रुपये होतात. महिन्याला साधारण १३०० वाचले. आता स्कूटर १ लाख २० हजारांची आणि जुनी गाडी ३० हजारांना गेली, तर अंगावर ९० हजार. ते फिटायला ६९ महिने लागतात, पावणेसहा वर्षं! हप्त्याचं व्याज यात धरलेलं नाही. रोजचं जाणं-येणं १५ किलोमीटरचं असेल तर हाच हिशोब १५ वर्षांवर जातो. उलट जुनी गाडी खरंच संपली असेल, नवी घेणं भागच असेल आणि पेट्रोल-इलेक्ट्रिकमधला फरक ३० हजारांचा असेल, तर तो दोन वर्षांत वसूल होतो. म्हणजे स्कूटर वाईट नाही, चालती गाडी विकणं वाईट.

त्यामुळे आधी आहे त्या गाडीचं ॲव्हरेज नीट काढा. ‘शंभरचं टाकलं, इतके दिवस गेलं’ हे ॲव्हरेज नव्हे. टाकी फुल करायची आणि नोझल पहिल्यांदा बंद पडलं की थांबायचं. किलोमीटर टिपायचे. दोनशे-अडीचशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, गाडी तशीच मेनस्टँडला लावून पुन्हा फुल करायची. किलोमीटर भागिले लिटर. असं लागोपाठ तीनदा करा. १०० ऐवजी ११० चं टाकलं की जास्त मिळतं, पहाटे टाकलं की दाट मिळतं, हे सगळं सोडा. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. मापाचीच शंका असेल तर पंपावर शिक्का मारलेलं ५ लिटरचं माप असतं, ते मागा. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

६० ची गाडी ४८ वर आली असेल तर १००० किलोमीटरला जवळपास ४४० रुपये जास्त जातात. हे पैसे कुठे मुरतात ते मेनस्टँडवर दहा मिनिटांत कळतं. गाडी न्यूट्रलला टाकून मागचं चाक हाताने फिरवा. दोन-तीन गरके सहज घेतले पाहिजेत. अर्ध्यात थांबलं तर ब्रेक धरतोय, किंवा चेन आवळलेली आहे. चेनला मधोमध दोन-तीन सेंटीमीटर झोल हवा. पुष्कळ मिस्त्री ‘आवाज येतो’ म्हटलं की ताणून ठेवतात. त्याने आवाज जातो आणि ॲव्हरेजही जातं. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये थापली जाऊन वाळते आणि पुढे कितीतरी दिवस चाक घासत राहतं. पाणी मारून नाही निघाली तर काडीने खरवडून काढा.

हवेचं तर विचारूच नका. पंक्चरवाला दोन्ही चाकांत अंदाजे मारतो. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ आणि मागे एकट्याला २८ च्या आसपास लागते, डबलसीटला मागे ४० पर्यंत. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. टायर थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा.

एअर फिल्टर शेतरस्त्याच्या फुफाट्याने कंपनीच्या वेळापत्रकाआधीच भरतो. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, हलकं ऑइल लावून बसवा. तेल लावलेला कागदी असेल तर त्याला हवा मारू नका, बदला. आणि ऑइल जाड घातलं की इंजिन टिकतं ही गॅरेजवाल्यांची लाडकी समजूत आहे. पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच आणि सांगितलं तेवढंच घाला. जास्त भरलं तर इंजिनाला ते घुसळतच फिरावं लागतं.

हल्ली सगळं खापर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर फुटतं. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, त्यामुळे २० टक्के मिश्रणात थोडी घट होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात १० टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या दुचाकीला ती ३ ते ४ टक्के धरली आहे. म्हणजे ६० चे ५८. ज्याचे ६० चे ४५ झाले त्याने इथेनॉलला शिव्या देण्याआधी मागचं चाक फिरवून बघावं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना खरा त्रास पाण्याचा आहे. टाकीच्या झाकणाचं रबर गेलं की पावसाचं पाणी आत उतरतं, इथेनॉल त्याला धरून तळाला बसतं आणि सकाळी गाडी चालू होईना. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून ते सोडून द्या आणि झाकणाचं रबर बदला.

इलेक्ट्रिक घ्यायचीच ठरली तर शोरूमच्या आधी वायरमनला बोलवा. चार्जरला पक्कं अर्थिंग लागतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात नेमकं तेच दगा देतं. काळी जमीन वाळून भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटते, चार्जर लाल दिवा दाखवून बंद. लोक बॅटरीला नावं ठेवत बसतात. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असू द्या आणि फेब्रुवारीपासून आठवड्याला बादलीभर पाणी ओता. एक्स्टेन्शन बोर्ड नको, वेगळी वायर ओढून १५ अँपिअरचा सॉकेट घ्या. मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत निवू द्या. रोजचं जाणं-येणं ८० किलोमीटर आणि स्कूटरची खरी रेंज ९० असेल, तर कामाच्या ठिकाणी चार्जिंग मिळणार का हे आधी विचारा. डबलसीट, समोरचा वारा आणि दोन वर्षं जुनी झालेली बॅटरी यात ते दहा किलोमीटर कधीच संपतात.

सीएनजीचं गणित पंपावर अडतं. २०२४ मध्ये आलेल्या बजाजच्या सीएनजी मोटारसायकलला २ किलोचा सिलिंडर आहे. किलोला ८५ किलोमीटर धरले तर एका भरण्यात १७० किलोमीटर. पंप वाटेवर नसून ८ किलोमीटर आडबाजूला असेल तर त्यातले १६ नुसते गॅस आणण्यात गेले, वर रांग वेगळी. जिथे पाइपलाइन नाही, गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो, तिथे ट्रक रिकामा होत आला की प्रेशर पडतं आणि ८ किलोचा सिलिंडर असलेल्या कारमध्ये सहाच किलो बसतो. ट्रक नुकताच लागला असेल ती वेळ पंपावरच्या पोराला विचारून ठेवा.

जालना ते शेंद्रा रोज जाणाऱ्या चौघांनी १८ ॲव्हरेजची पेट्रोल कार वाटून घेतली तर माणशी किलोमीटरला दीड रुपयाच्या आत, म्हणजे मोटारसायकलपेक्षा स्वस्त आणि उन्हापावसातून सुटका. फक्त पेट्रोल वाटून घ्या, भाडं घेऊ नका. अपघात झाला तर खासगी गाडीचा विमा तिथेच अडवतात. आणि शिफ्टच्या वेळेला एष्टी असेल तर महिन्याच्या पासला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस जाता येतं. बायांना तर मार्च २०२३ पासून तिकीटच निम्मं आहे. घरात दोघं कमावते असतील तर दुसरी गाडी घेण्याआधी स्टँडवरचं वेळापत्रक एकदा बघून या. पण दुसरी पाळी रात्री साडेबाराला सुटते तेव्हा एष्टी नसते, तिथे आपलीच गाडी. तिच्या मागच्या चाकात आज हवा किती आहे?