युवकांचं कल्याण करताना घ्यावयाची काळजी

जुलै तोंडावर आला. रोटरी-लायन्ससारख्या सेवाभावी क्लबांचं वर्ष एक जुलैला सुरू होतं, त्यामुळे येत्या पंधरवड्यात तालुक्या-तालुक्यांतले नवे अध्यक्ष गळ्यात ती पितळी साखळी घालून पदग्रहण करतील. त्यात यंदा तुमचा नंबर लागला असेल आणि "युथसाठी काहीतरी भरीव करायचं" असं तुम्ही उत्साहात बोलून बसला असाल, तर अभिनंदन. मी बावीस वर्षं एका अनुदानित हायस्कुलात विज्ञान शिकवतो. या काळात माझ्या वर्गातल्या पोरांचं इतक्या वेळा कल्याण झालंय, की या विषयावर चार शब्द सांगायचा अधिकार मला नक्की पोचतो.

खरं तर मी गप्पच बसणार होतो. पण गेल्या मंगळवारी एक फोन आला. त्याचं नंतर सांगतो. आमच्या गावच्या क्लबचं नाव मात्र विचारू नका. तुमच्याही गावात तो आहेच.

तर पहिलं काम बॅनर. दहा बाय वीसचा फ्लेक्स. एका कोपऱ्यात जिजाऊ, दुसऱ्या कोपऱ्यात विवेकानंद, आणि मधोमध, दोघांपेक्षा मोठे, तुम्ही. यासाठी १२ जानेवारीसारखा दिवस नाही. राजमाता जिजाऊ जयंती आणि राष्ट्रीय युवक दिन एकाच छपाईत उरकतात. नाव "युवा सक्षमीकरण महाअभियान" असं काहीतरी ठेवा. "महा" विसरू नका, नाहीतर ते नुसतंच अभियान होतं आणि मग काहीतरी करावं लागतं.

मग युवक जमवणं. इथे नवखा अध्यक्ष हमखास फसतो, कारण तो खऱ्या युवकांच्या मागे लागतो. आमच्या गावातले खरे युवक पहाटे पाचला हायवेच्या कडेनं पळत असतात. पोलीस भरतीत सोळाशे मीटरला वीस मार्क आहेत आणि गावच्या मैदानावर मिट्ट काळोख आहे. शिवाय निम्म्या मैदानात कुणाची तरी वाळू पडलेली असते. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, पण त्यांना घरातून उजाडल्यावरच सोडतात, आणि उजाडल्यावर घरात पाणी भरायचं असतं. दोन वर्षांपूर्वी यातलीच पाच-सहा पोरं क्लबकडे गेली होती. मैदानावर एक हॅलोजन लावून द्या आणि एक सव्वासात किलोचा गोळा घेऊन द्या, आम्ही दगडावर सराव करतोय, असं म्हणाली. त्यांना चहा मिळाला, बिस्किटं मिळाली, आणि "हे आपल्या यंदाच्या थीममध्ये बसत नाही रे" हे उत्तर मिळालं. असले युवक टाळावेत. ते नेमकं काय हवं ते सांगतात.

त्यापेक्षा शाळेतली पोरं घ्या. गणवेशात असतात, रांगेत येतात, टाळ्या वाजवा म्हटलं की वाजवतात. हेडसरांना फोन करून "तुमची साठेक मुलं पाठवा" एवढंच म्हणायचं, मंगल कार्यालयाला खुर्च्या पाठवा म्हणतो तसं.

वेळ नऊची द्या आणि बारा वाजता सुरू करा. यंदाच्या जानेवारीत आमची पोरं साडेआठपासून बसली होती. प्रमुख पाहुणे बारा वाजून दहा मिनिटांनी आले. तोपर्यंत साउंडवाल्यानं माइकमध्ये "हॅलो चेक" किती वेळा म्हटलं हे आठवीच्या पोरांनी मोजून ठेवलं होतं. मग दीपप्रज्वलन, मग वाऱ्यानं विझलेल्या ज्योतीचं पुन्हा प्रज्वलन, मग स्टेजवरच्या चौदा जणांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. काजू-बदामाच्या बश्या स्टेजवर आणि खाली समोसे, ते तिसऱ्या रांगेपर्यंत पुरले. वाडीकडची गाडी दीडला सुटते. तिच्यानंतर थेट पाचला. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे पोरींच्या खिशात मोफत पास आहे हो, पण पासावर बसता येत नाही, त्याला एसटी लागते. मी दीड वाजता संयोजकांच्या कानात सांगितलं, मुलींना सोडायला हवं. ते म्हणाले, "सर, अजून साहेबांचं भाषण राहिलंय, हॉल रिकामा दिसेल." अकरा मुली पाचपर्यंत स्टँडवर बसल्या. मीही बसलो. एकीला चक्कर आली, तिला ग्लुकोज बिस्किटं दिली. युवा सक्षमीकरण झालं.

वक्ता पुण्याचा आणा. गावच्या माणसाला पोरं ओळखतात आणि तो खोटं बोलला की हसतात. आमच्या वक्त्यांनी पोरांना डोळे मिटायला लावले आणि दहा वर्षांनंतरचे स्वतःला बघायला सांगितलं. निम्मी झोपली, उपाशी होती. मग ती गरुडाची गोष्ट सांगितली. ऐकली असेलच तुम्ही: गरुड म्हणे चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जातो, चोच दगडावर आपटून तोडतो, नखं उपटतो, आणि नवी चोच आली की आणखी तीस वर्षं जगतो. दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर झाला, "सर, चोच मोडल्यावर नवी येईपर्यंत तो खातो काय?" विज्ञान शिकवून झालेली बावीस वर्षं त्या एका प्रश्नानं वसूल झाली. तोडलेल्या चोचीचा गरुड उपाशी मरतो रे, म्हटलं. प्रश्नोत्तरांच्या वेळी दहावीच्या एका पोरानं वक्त्यांना विचारलं होतं, आयटीआयला वायरमन ट्रेडला किती टक्क्यांना नंबर लागतो? वक्ते म्हणाले, "बेटा, थिंक बिग." त्या पोराचा बाप गेल्या वर्षी वारला. त्याला दोन वर्षांत हाताला काम हवंय. त्याला बिगच विचार करायचा होता.

शाळेला वॉटर फिल्टर द्या. उद्घाटनाची संगमरवरी पाटी त्याहून मोठी ठेवा. कँडल बदलायला येऊ नका.

मुलांचा क्लबही काढा. रोटरीचा इंटरॅक्ट, लायन्सचा लिओ, तशी सगळ्यांकडे सोय असते. इंटरॅक्ट १९६२ पासून आहे, लिओ १९५७ पासून. कल्पना अशी की पोरांनी आपले पदाधिकारी आपणच निवडावेत आणि कामंही आपणच ठरवून करावीत. ही कल्पना धोकादायक आहे. आमच्या शाळेतही मुलांचा असा एक क्लब निघाला. पदग्रहण झालं, बिल्ले लागले, फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात पोरांनी खरोखरच बैठक घेतली आणि वहीचं पान फाडून त्यावर तीन कामं लिहिली. एक, मुलींच्या मुतारीत पाणी नाही, मोटर जळली आहे. दोन, फाट्यावर गाडी थांबत नाही, अर्ज द्यायचा आहे. तीन, मैदानावर दिवा. खाली अध्यक्ष आणि सचिव म्हणून दोन सह्या, त्यातली एक झोकदार. ते पान मी स्वतः क्लबच्या ऑफिसात नेऊन दिलं. त्यांनी पंच करून फाइलला लावलं आणि "मुलांनी स्वयंस्फूर्तीनं बैठक घेतली" असं अहवालात लिहिलं. बैठक झाली ना. मग अजून काय हवं?

आणि कृपा करून आपल्या चळवळीचा इतिहास वाचू नका, उगाच जीव खालीवर होतो. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन मित्र जमवून रोटरी काढली. आळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात बसायचे, म्हणून ते नाव. आणि त्या शिकागोच्या क्लबाचं पहिलं मोठं लोकोपयोगी काम काय, माहीत आहे? शहरात सार्वजनिक शौचालय. त्यासाठी त्यांनी नगरपालिकेकडे पाठपुरावा केला! १९२५ साली हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात जाऊन अंधांसाठी पुढे या म्हणाल्या, आणि ते आले. रोटरीवाले १९८५ पासून पोलिओच्या मागे लागले आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मी बूथवर ड्युटी केली आहे, उन्हातान्हात बर्फाच्या पेट्या सांभाळणारी माणसं पाहिली आहेत. त्यांच्या गळ्यात साखळी नव्हती.

आता मुख्य गोष्ट, सायकली.

वस्तूच द्या, कारण वस्तूचा फोटो येतो. आमच्या कार्यक्रमात पाच सायकली होत्या. लाभार्थींची नावं आम्हीच फॉर्म भरून दिली होती, आणि फॉर्ममध्ये पालकांच्या परिस्थितीचा रकाना होता म्हणून तीही लिहिली होती. ती माइकवरून वाचली जाईल असं वाटलं नव्हतं. वाचली. आठवीतली मुलगी, नाव पुकारून पुढे "अत्यंत गरीब परंतु होतकरू", आईबाप ऊसतोडीला जातात, मुलगी आजीपाशी असते, हे सगळं भरल्या हॉलपुढं. ती हँडल धरून खाली बघत उभी, आणि तिच्या सायकलीला स्टेजवरच्या चौदाही जणांचा हात. फोटोवाला म्हणतोय, "बाळ, वर बघ, हस जरा." टायरात हवा नव्हती. नंतर ती आणि तिची मैत्रीण सायकल ढकलत पंक्चरवाल्याकडे गेल्या, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद तसाच.

त्या सायकलीच्या पुढे, टोपलीच्या जागी, तारेनं आवळलेली एक पत्र्याची पाटी होती. गाडीच्या नंबरप्लेटएवढी. पिवळ्यावर लाल अक्षरात: "कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ गरजू विद्यार्थिनीस सप्रेम भेट", खाली क्लबचं चिन्ह, खाली अध्यक्षांचं नाव. ती पाटी लावून ही पोर रोज भर बाजारपेठेतून शाळेत यायची. आठवड्यात पोरांनी तिचं नाव ठेवलं, गरजू. "ए गरजू, घंटी वाजव." मी दोघांचे कान पिळले, पण पिळून पिळून किती पिळणार? पोरांनी ते नाव काही मनानं रचलं नव्हतं, सायकलीवर लिहिलेलं वाचलं होतं. फेब्रुवारीत एक दिवस मधल्या सुट्टीत ती सायकल स्टँडमागे बसून कंपासमधल्या कर्कटकानं ती तार उलगडताना दिसली. टोक वाकलं होतं, बोटातून रक्त येत होतं. मी प्रयोगशाळेतली पक्कड आणून दिली.

आता तो फोन. मंगळवार, चौथा तास.

"सर, जून एंड आहे ना, रिपोर्ट वर पाठवायचाय. त्या सायकलच्या मुलीला एकदा हॉलवर घेऊन या. गणवेशात, सायकलसकट. पाटी दिसली पाहिजे. आधीच्या फोटोत पाटीवर हात आलाय."

म्हटलं, पाटी काढली तिनं.

"काढली? अशी कशी काढली? डोनर काय म्हणतील? सर, तुम्ही समजावून सांगायला पाहिजे होतं. आजकालच्या मुलांना कृतज्ञताच नाही."

मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. वर्गात पोरं होती, त्यांच्यासमोर बोलता येत नव्हतं. आता बोलतो.

अहो अध्यक्ष, सायकल दिलीत ना? दिलीत म्हणजे ती तिची झाली. तिनं तिच्यावर पाटी ठेवायची की टोपली लावायची की लाल रंग मारायचा, हे तिचं ती बघेल. चौदा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात तुम्ही तिची गरिबी तारेनं बांधलीत आणि वर फोटोत हसायला लावलंत. तुमच्या मुलीच्या स्कूटीवर लावाल अशी पाटी? तिच्या कॉलेजची फी कुणी भरली, तिचा बाप कुठल्या बँकेचा कर्जदार आहे, ते लिहाल पुढे? कृतज्ञता कसली मागता? त्या पोरीचे आईबाप तोडतात त्या उसाची साखर तुमच्या सत्काराच्या पेढ्यांत असते, त्यांना कुणी कधी नारळ दिला नाही.

आणि नुसते तुम्हीच नाही. आम्हीही. फॉर्म मी भरला. तो परिस्थितीचा रकाना माझ्या अक्षरात आहे. पोरांना साडेआठला रांगेत मी उभं केलं, साडेतीन तास गप्प बसा म्हणून डोळे मी वटारले. का, तर हेडसर म्हणाले, क्लबला दुखवून चालणार नाही, उद्या बेंच मिळतील. बेंच आले नाहीत. आले असते तरी पोरांना उपाशी बसवायचा मला काही अधिकार नव्हता.

मुलीला मी आणणार नाही. ती नववीत गेली आहे, उद्या तिची गणिताची चाचणी आहे. तुमचा रिपोर्ट पाटीवाचून अडला असेल तर पाटी माझ्या टेबलाच्या खणात आहे, तारेसकट. या आणि घेऊन जा. येताना पाण्याच्या टाकीसाठी एक एचपीची मोटर घेऊन या आणि ती बसवायला माणूस आणा. मग ही पाटी मुलींच्या मुतारीवर मी स्वतः ठोकीन. दुसरी, हिच्याहून मोठी छापून आणलीत तरी ठोकीन.