डबेवाल्यांच्या आडून ट्रेनिंगला नावं ठेवू नका

मुंबईच्या डबेवाल्यांबद्दलचा एक मेसेज वर्षानुवर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. आशय असा: ‘फोर्ब्स’ मासिकानं त्यांना सिक्स सिग्मा (कामातल्या चुका जवळजवळ शून्यावर आणण्याची पद्धत) सर्टिफिकेट दिलं, १ कोटी ६० लाख डब्यांमागे त्यांची एकच चूक होते, आणि हे सगळं कसल्याही ट्रेनिंगशिवाय. तेव्हा कामगारांच्या ट्रेनिंगवर कंपन्या करतात तो खर्च पाण्यात. डबेवाल्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हा मेसेज पटत नाही.

आधी सर्टिफिकेट. ते कधी दिलंच गेलं नाही. १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये सुब्रत चक्रवर्ती यांचा डबेवाल्यांवर लेख आला होता, एवढंच. फोर्ब्सनं असं कुठलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही आणि लेखात आपण सिक्स सिग्मा हा शब्दही वापरला नव्हता, हे खुद्द चक्रवर्तींनीच पुढे सांगितलं.

मग तो आकडा आला कुठून? डबेवाल्यांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे चक्रवर्तींना म्हणाले होते की चूक जवळजवळ होतच नाही, झाली तर दोन महिन्यांतून एखादी. दोन महिन्यांत किती डबे पोहोचतात याचा गुणाकार करून ८० लाखांत एक असा अंदाज निघाला. परतीचे रिकामे डबेही धरले की १ कोटी ६० लाख. म्हणजे हे मोजमाप नव्हे, अनुभवी माणसाचं सहज निघालेलं वाक्य आहे. चुका फार कमी होतात यावर माझा विश्वास आहे. पण सिक्स सिग्मा ही पद्धत उभी आहे ती नोंदींवर. १९८६ मध्ये मोटोरोलात बिल स्मिथ यांनी ती सुरू केली. चूक होऊ शकेल अशा दहा लाख संधींमागे ३.४ चुका ही तिची प्रसिद्ध मर्यादा. तिथे प्रत्येक चूक लिहून ठेवावी लागते, नाहीतर आकड्याला अर्थ उरत नाही.

पण मेसेजमधला सगळ्यात चुकीचा भाग म्हणजे ‘ट्रेनिंगशिवाय’. शाळा फार शिकलेले नाहीत, हे खरं. पण शाळा आणि ट्रेनिंग एकच का? नवा माणूस टोळीत येतो तो आधी सुमारे सहा महिने उमेदवारी करतो. डबे गोळा करणं, स्टेशनवर लावणं, लोकलमध्ये चढवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, पैशांचा हिशेब, सगळं टोळीतले जुने लोक त्याला शिकवतात. कुणी आजारी पडला तर दुसरा त्याची लाइन उचलू शकतो, तो यामुळेच. मुकादम हा नुसता हिशेबनीस नसतो, शिकवणाराही असतो.

झाकणावरच्या खुणा बघा. मधोमध मोठा आकडा: डबा कुठल्या भागात जायचा. कडेला डबा पोहोचवणाऱ्याचा क्रमांक, इमारतीची अक्षरं, मजला. रंग आणि आकारावरून कळतं, डबा कुठल्या स्टेशनवरून निघाला. गिऱ्हाइकाचं नाव नाही, पत्ता नाही. लावणाऱ्याला जे लागत नाही ते झाकणावर येऊच दिलेलं नाही. मधल्या स्टेशनवर लोकल वीसेक सेकंद थांबते. तेवढ्यात डबे उतरवून नवे चढवायचे, तर वाचत बसायला वेळ कुणाला? टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी वायफळ खर्चाचे जे सात प्रकार सांगितले, त्यात वाट बघणं, उगाच हालचाल आणि गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया हेही येतात. या खुणा नेमक्या त्यांवरच घाव घालतात, आणि त्या वाचायला नव्या माणसाला शिकावंच लागतं.

आता शेवटचा मुद्दा, ट्रेनिंगवरचा खर्च पाण्यात. काही ठिकाणी तो जातोच. दोन दिवस स्लाइड दाखवून ग्रीन बेल्ट (सिक्स सिग्मातली एक पायरी) हातात देणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांच्याही पहिल्या स्लाइडवर बहुधा डबेवालेच असतात. पण अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी ही संस्था ब्लॅक बेल्टच्या, म्हणजे त्यावरच्या पायरीच्या, परीक्षेला बसण्याआधी पूर्ण केलेल्या प्रोजेक्टचा पुरावा मागते. फरक इथे आहे.

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून भाग बनवतात तिथे) डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलताना उभे राहा. मशीन बंद झाल्यावर ऑपरेटर पाना शोधायला निघतो, मग बोल्ट, मग क्रेन मोकळी होण्याची वाट. डाय झटपट बदलण्याची जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांची पद्धत सांगते की मशीन चालू असताना जे करता येतं ते आधीच करून ठेवा: पुढची डाय जवळ आणा, पाने ट्रॉलीवर मांडा, बोल्ट एकाच मापाचे ठेवा. हे वाचून कळतं, पण अंगवळणी पडायला त्याच मशीनवर, त्याच ऑपरेटरबरोबर, हातात घड्याळ घेऊन पुन्हा पुन्हा करावं लागतं. ट्रेनिंगचे पैसे मोजताना मालकानं एवढंच विचारावं: प्रोजेक्ट कुठल्या मशीनवर होणार, सोबत कोण उभं राहणार, आणि आधीच्या-नंतरच्या वेळा कोण लिहून ठेवणार?