सडा रिकामा नाहीये

सकाळपासून डोकं ठिकाणावर नाहीये, म्हणून लिहितेय. लांब होईल, ज्याला वाचायचंय त्याने वाचा.

काल रात्री साडेअकराला दिरांचा फोन, "वहिनी, सड्यावर जाळ दिसतोय, यांना उठवा." सडा म्हणजे आमच्या कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार. डिसेंबरचा महिना, गवत पिवळं होऊन कडकडीत वाळलेलं, वरून रात्रीचा तो डोंगराकडनं समुद्राकडे वाहणारा वारा, आणि त्याच दिशेला उतारावर आमची आणि शेजाऱ्यांची काजूची कलमं. सड्यावर पाणी कुठलं आणणार? ओल्या फांद्या तोडून झोडपत बसले सगळे, पासष्टीचे दीर पण आणि कॉलेजची पोरं पण. दीड वाजता आटोक्यात आलं. काजूच्या पहिल्या ओळीपासून वीस पावलांवर. वीस पावलं! हे लिहिताना पण माझे हात थरथरतायत.

आणि वणवा कशाने लागला तर कॅम्पफायरने. वरती बारा तंबू होते, डीजे नाही म्हणे, "फक्त स्पीकर" होता.

सकाळी उजाडल्यावर मी स्वतः चढून गेले. आमच्या सड्यावर एक लहानसं कातळशिल्प आहे, म्हणजे कातळात रेघा खोदून काढलेलं जुनं चित्र, माशाचं. उक्षी, कशेळी, बारसूसारखं नावाजलेलं नाही, त्याच्यासाठी कोणी गाडी करून येत नाही. पण आमच्या सासूबाई त्याच्या बाजूने जाताना चप्पल काढायच्या एवढं मला माहितीये. गावातल्या पोरांनी दोन वर्षांपूर्वी त्याच्याभोवती दगड मांडले होते, कुणाचा पाय पडू नये म्हणून. कातळात तंबूच्या खुंट्या जात नाहीत ना, मग तेच दगड उचलून तंबूच्या दोऱ्यांना लावले. आणि शेकोटी केली ती माशाच्या शेपटीवर. शेपटीची रेघ राखेने बुजलीये, कातळ काळा पडलाय, एके ठिकाणी तापून पापुद्रा उडालाय. मी तो पापुद्रा हातात घेतला, नखाएवढा होता. कुठे ठेवू कळेना, रुमालात बांधून घरी आणला.

हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी उन्हात बसून ती रेघ खोदली आणि ती एका रात्रीच्या मटणापायी गेली.

मी तंबूच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. मी स्वतः तंबूत राहिलेय. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये लेकीकडे डेन्व्हरला गेले होते तेव्हा तिने आणि जावयांनी सहा तास गाडी चालवून आम्हाला युटात नेलं, डेड हॉर्स पॉइंट म्हणून स्टेट पार्क आहे तिथे. उंचावरचं वाळवंट. सहा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच, आणि तरी झाड म्हणाल तर खुरटी ज्युनिपर, बाकी लाल खडक आणि लाल माती. कड्यावर उभं राहिलं की दोन हजार फूट खाली कोलोरॅडो नदी वळसा घालून जाताना दिसते. त्या जागेला हे नाव का पडलं तर म्हणे पूर्वी रानटी घोडे त्या टोकावर कोंडून ठेवायचे आणि एकदा काही घोडे तिथेच राहून गेले, खाली नदी दिसतेय आणि वर तहानेने मेले. दंतकथाच आहे, पण मी ऐकलं तेव्हा मला आमचा मे महिना आठवला. सड्यावर उभं राहिलं की समोर अख्खा समुद्र, आणि वाडीत टँकर.

तिथे पण टँकरच! पार्कात पाणी गाडीने वर आणतात, म्हणून सांगतात की येतानाच भरून आणा. आम्ही कॅन भरून नेले होते.

तर तिथला प्रसंग सांगायचाय मला, कारण सकाळपासून तोच डोळ्यासमोर येतोय.

संध्याकाळी मी मुगाची खिचडी केली, जेवणं झाली, पातेलं विसळलं आणि ते पाणी टाकायला म्हणून तंबूच्या ओट्यावरून उतरून जरा लांब गेले. आपली सवय, पाणी परड्यात टाकायचं. (तंबू लावायला तिथे ठरलेली जागा असते, सपाट केलेली, त्याच्या बाहेर नाही लावायचा.) चार पावलं गेले असेन, मागून एक पोरगं ओरडलं, थांबा, हलू नका! शेजारच्या तंबूतला, सात-आठ वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले. मला वाटलं साप. जागच्या जागी थिजले, हातात पातेलं. तो वाटेवरच गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, तुम्ही त्याच्यावर उभ्या आहात, ते जिवंत आहे.

खाली बघितलं तर काळी, खरबरीत, फुगीर खपली. जळकी भाकरी कुस्करून पसरल्यासारखी. मला ती नुसती घाण वाटली होती, खरं सांगते.

मग त्याने काय केलं, स्वतःच्या बाटलीतलं झाकणभर पाणी वाटेच्या कडेच्या त्या काळ्यावर टाकलं. जिथे प्रत्येक थेंब विकत आणल्यासारखा जपायचा तिथे! आणि म्हणाला, आता बघा. मी पातेलं हातात धरून बघत राहिले. दोन मिनिटं पण झाली नसतील, काळ्याच्या आत बारीक बारीक हिरवं उघडायला लागलं. शेवाळ. मिटलेल्या छत्र्या उघडाव्यात तसं. इतके महिने कोरडं पडून होतं, मेलेलं नव्हतं. नंतर लेकीने सगळं समजावलं, की त्या मातीत सायनोबॅक्टेरिया म्हणजे अगदी सूक्ष्म जीव असतात, त्यांचे चिकट धागे वाळूचे कण बांधून ठेवतात, त्यावर दगडफूल आणि शेवाळ येतं, त्यानेच माती वाऱ्यावर उडत नाही आणि पाऊस पडला की धुपत नाही. एक पाऊल पडलं की तुटतं आणि परत जमायला कित्येक वर्षं, काही ठिकाणी माणसाचं आयुष्य पुरत नाही एवढी. पण ते सगळं नंतर. त्या क्षणी त्या पोराने मला फक्त एवढंच सांगितलं की जशा गेलात तशाच, आपल्याच पावलावर पाऊल ठेवून परत या. आणि मी आले. चार पावलं उलटी. त्याने टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री दहानंतर एक आवाज नाही तिथे. ज्याचा त्याचा दिवा विझलेला. २०१६ सालापासून ते पार्क अंधार जपणाऱ्या जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आणि रात्री उठून बाहेर आले तेव्हा कळलं अंधार जपायचा म्हणजे काय ते. आकाशगंगा कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे म्हणाले, अगं लहानपणी आपल्या सड्यावरनं अशीच दिसायची. आणि खरंच दिसायची हो. आता वरती हॅलोजन लावतात, "सेफ्टीसाठी".

चहा करून आले. जरा शांत झालेय, पुढे लिहिते.

मला परत आल्यावर पहिल्यांदा आपला सडा दिसला. आयुष्य गेलं इथे, पण उन्हाळ्यात कातळ काळा का पडतो हे कधी मनात आलं नव्हतं. तीच खपली आहे ती! पावसात कातळावर जे हिरवं बुळबुळीत चढतं तेच वाळून काळं होऊन बसतं. पहिला पाऊस पडला की परत जागं होतं, त्यात मातीचा कण अडकतो, कातळाच्या खळग्यात बोटभर माती साठते आणि तेवढ्या बोटभर मातीत जूनमध्ये दिपकाडीची पांढरी फुलं येतात जी सगळ्या जगात फक्त आपल्या या कोकणपट्टीतल्या सड्यांवर आहेत. मग गेंद, मग सीतेची आसवं, मग ते दवबिंदू, जमिनीत खायला पुरेसं नाही म्हणून चिलटं पकडून खाणारं एवढंसं लालसर रोप. टिटवी तर उघड्या दगडांतच अंडी घालते. आणि सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपत झिरपत खाली आपल्या विहिरींना आणि पऱ्याला येतं. हे सगळं ज्या जमिनीवर चालतं तिला आपल्या सातबाऱ्यावर काय लिहिलंय माहितीये ना?

पोटखराबा. म्हणजे लागवडीच्या उपयोगाची नसलेली जमीन.

हा शब्द मला हल्ली सहन होत नाही. खराबा म्हटलं की मग काहीही करायला मोकळे. चिरेखाण (जांभ्याचे चिरे कापायची खाण) काढा, भराव टाका, जीप गोल गोल फिरवून व्हिडिओ काढा, बाटल्या फोडा, शेकोट्या पेटवा. काल त्या तंबूवाल्यांतला एक जण दिरांना काय म्हणाला, "काका, दगडच तर आहे, दगडाला काय होतंय?" माणूस शिकलेला, चांगल्या घरचा, पायात आमच्या महिन्याच्या किराण्याएवढ्या किमतीचे बूट. आणि तिकडे दात पडलेल्या पोराला कळतं की खाली बघून पाय टाकायचा. कोणी शिकवलं त्याला? आईबापांनी. पार्कातल्या पाट्यांनी. मग आपण काय शिकवतोय?

हो, तिथे फी घेतात, रेंजर असतो, जमीन सरकारची आहे, आणि इथे एकेका सड्याच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली तीस मुंबईला. मान्य. आणि अमेरिकेत पण पाय टाकणारे टाकतातच, नाहीतर एवढ्या पाट्या लावाव्या लागल्या नसत्या. तेही मान्य.

पण मला खरा राग त्या बूटवाल्याचा नाहीये. तो आज गेला, परत येणार नाही. राग आपल्या पोरांचा आहे. तंबू आपल्याच वाडीतल्या पोरांनी लावून दिले होते, माणशी हजार रुपये, जेवणासकट, "शेकोटी फ्री". त्यातला एक माझा सख्खा चुलत पुतण्या आहे, तो ही पोस्ट वाचेल, वाचू दे. पोरं मुंबईला न जाता गावात चार पैसे मिळवतायत याचा मला आनंदच आहे, त्यांना नावं ठेवून कोणाचं घर चालणार नाही. पण बाळांनो, आपण काय विकतोय ते तरी बघा. ती माणसं पुण्या-मुंबईहून शांतता बघायला येतात, चांदणं बघायला येतात, आणि तुम्ही त्यांना स्पीकर आणि हॅलोजन देता. शेकोटीशिवाय रात्र निघत नाही का? आमची निघाली. कडाक्याची थंडी होती, दोन स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून बसलो, आणि अजून बोलतो त्या रात्रीबद्दल. त्यातलं सगळ्यात जास्त काय बोलतो तर ते झाकणभर पाणी.

दुपारी पुतण्या आला होता घरी. मान खाली. "काकू, चुकलं." मी बरंच बोलायचं ठरवलं होतं, त्याच्या भाजलेल्या मनगटाकडे बघून काही बोलले नाही. रात्री आग झोडपायला सगळ्यात पुढे तोच होता असं दीर म्हणाले. खोबरेल लावलं, जेवायला वाढलं, आणि मग म्हटलं चल माझ्याबरोबर.

चारच्या उन्हात वर गेलो दोघं. जिथे आग पोचली नव्हती तिथे एक काळा खळगा बघून मी बाटलीतलं पाणी ओतलं. मला खात्री नव्हती. तिथलं शेवाळ वेगळं, आपलं वेगळं, म्हटलं होतंय की नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तो मोबाईल काढायला लागला. आणि मग खळग्याच्या कडेला, अगदी नखाच्या कडेएवढं, काळ्यात हिरवं दिसायला लागलं. तो पोटावर आडवा झाला कातळावर आणि नाक लावून बघत बसला. पंचवीस वर्षांचा बाप्या. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काकू, म्हणजे हे सगळं? हा अख्खा सडा?"

मी हो म्हटलं.

मग तो शेपटीपाशी गेला. तिथे मात्र पाणी टाकून काही झालं नाही. राख नुसती ओली झाली.

परत येताना तो मला सांगत होता की तंबू खालच्या बाजूला लावता येतील, जुन्या चिरेखाणीत, तिथे कातळ आधीच कापलेला आहे, जागा सपाट, वारा पण लागत नाही. स्वयंपाक गॅसवर आणि तोही खाली घरीच. लाईट नाही, फक्त हातातली बॅटरी. आणि माणसांना सड्यावर न्यायचं ते गुरांच्या पायवाटेने, एकामागोमाग एक. मी त्याला काहीच सुचवलं नव्हतं, सगळं त्याचं तोच बोलत होता. तीनजण पार्टनर आहेत, बाकीचे दोघं ऐकतील की नाही माहीत नाही म्हणाला. त्या दोघांच्या आयांना मी ओळखते, उद्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणाचं निमित्त काढून जाऊन येणार आहे.

उद्या सकाळी सात वाजता आम्ही माशावरची राख काढायला जातोय. वाडीतल्या ज्यांना जमेल त्यांनी या. खराटा आणि फावडं अजिबात आणू नका, राख हाताने उचलायची आहे, रेघेतली तर बोटाने. जुनी घमेली चालतील. गाडी खाली देवळापाशी लावायची आणि गुरांच्या वाटेनेच वर यायचं. पोरांना आणा, आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याची एक बाटली द्या.