राणी पालथी, मी उताणा

मी जुन्या ब्रिटिश टपाल तिकिटांच्या पुस्तिका जमवतो. त्यातही छापताना, कापताना, शिवताना फसलेल्या. बायको विचारते, "धड नव्हत्या का दुकानात?"

ब्रिटनमध्ये तिकिटांची पुस्तिका पहिल्यांदा निघाली 1904 साली. पेनीची 24 तिकिटं, म्हणजे दोन शिलिंगांचा माल. किंमत मात्र दोन शिलिंग अर्धा पेनी. वरचा अर्धा पेनी पुठ्ठ्या-बांधणीचा. 1906 मध्ये किंमत सरळ दोन शिलिंग केली, पण टपालखात्याने अर्धा पेनी सोडला असेल तर शपथ! आता आत अर्ध्या पेनीचीही तिकिटं होती; त्यांतल्या एकाच्या जागी नुसती फुली छापून दिली. ती फुली चिकटवून पत्र टाकणारा कुणीतरी असेलच. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते.

सुरुवातीला एक पान उजेडासमोर धरलं, तर वॉटरमार्क, म्हणजे कागदातली उजेडात दिसणारी खूण, उलटा! त्या रात्री झोप नाही. तिकिटांच्या मेळाव्यात एका आजोबांनी चष्म्यावरून आधी पानाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. पुस्तिकांसाठी छापताना निम्मी पानं उलटीच मांडत, म्हणून निम्म्यांचा वॉटरमार्क उलटाच. कडेचे दाते कापताना छाटले गेलेत, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणजे होती तीही किंमत गेली.

शेवटी गेल्या वर्षी घबाड मिळालं. राणी एलिझाबेथच्या सुरुवातीच्या काळातली, अडीच शिलिंगांची, दोऱ्याने शिवलेली पुस्तिका; त्यात सहा तिकिटांचं एक पान चक्क पालथं शिवलेलं! डिंक वर, राणीसाहेब खाली तोंड करून. किंमत बायकोला सांगितली ती निम्मी.

त्याच महिन्यात आई सांगलीहून आमच्याकडे लंडनमधल्या हॅरोला आली. इथल्या थंडीत तिला दुपार खायला उठते. एकदा कामावरून आलो, तर ती खिडकीशी बसलेली. मांडीवर सुईदोऱ्याचा बिस्किटाचा डबा, हातात माझी पुस्तिका.

"अरे, त्या मेल्यांनी एक पान पालथंच शिवलं होतं. उसवून सरळ केलं."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी पुस्तिका उघडली. सहाच्या सहा राण्या माझ्याकडे तोंड करून बघत होत्या. टाके मूळच्यापेक्षा सरळ होते.

"जुन्याच भोकांतून ओवलाय हो दोरा," आई म्हणाली. "आणखी आहेत का रे अशा?"

बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "डबाभर आहेत, आई!"